काळं भांडं: माती मळण्यापासून धूर कोंडण्यापर्यंत

नाशिककडची शेतातली माती काळीभोर, त्यामुळे तिचं मडकंही काळंच निघेल असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात हीच माती नेहमीच्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, वारा खेळता ठेवून भाजली की विटकरी तांबडी होते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून आलेल्या या मातीत लोह भरपूर असतं आणि प्राणवायू मिळाला की ते तांबडं पडतं. भांडं काळं करायचं तर आवा पुरता तापल्यावर त्याचा श्वास कोंडावा लागतो. हवा बंद झाली की आतलं जळण अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू मातीतल्या तांबड्या फेरिक ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेतो आणि त्याचं काळं मॅग्नेटाइट होतं. त्याच वेळी धुरातला बारीक कार्बन मातीच्या छिद्रांत जाऊन बसतो. भांड्याचा काळा रंग या दोन्हींचा मिळून असतो. वरून लावलेला रंग, पॉलिश किंवा ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) यात काहीच नसतं.

उत्तर प्रदेशात आझमगडजवळच्या निजामाबादची प्रसिद्ध काळी भांडी याच रीतीने होतात; त्यांना २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मणिपूरच्या लोंगपी गावातले तांगखुल नागा कारागीर मातीत सर्पेंटाइन दगडाची पूड मिसळून, चाक न वापरता काळी भांडी घडवतात. आपल्याकडेही हा रंग नवा नाही. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या गोदाकाठी मातीच्या गढीवर उत्खनन केलं, तेव्हा तिथे काळ्या-तांबड्या भांड्यांची खापरं निघाली. बाहेरून तांबडी, तोंडाशी आणि आतून काळी. असं दुरंगी भांडं कसं करायचं तेही पुढे सांगितलं आहे.

खालची सगळी मापं १ लिटरच्या हंडीसाठी आहेत. पहिल्यांदा करताना याहून मोठं भांडं घेऊ नका.

माती

तीन ठिकाणची माती नाशिकमध्ये सहज मिळते आणि तिघींचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिली गाळाची, म्हणजे पोयट्याची माती. एप्रिल-मेमध्ये पाझर तलाव आणि गावतळी आटतात तेव्हा तळाला जी भेगाळलेली पापडी उरते ती. ही माती बारीक असते, तिच्यात खडे कमी असतात, आणि ती चाकावर चांगली चढते. मुख्य माती हीच.

दुसरी शेतातली काळी. चिकटपणा हिच्याइतका कुणातच नाही, पण पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच भांड्यात होतं. नुसत्या काळ्या मातीची हंडी सावलीत वाळवली तरी फुटते. म्हणून ती चिकटपणापुरतीच घ्यायची.

तिसरी शाडू. गणपतीच्या दिवसांत सगळीकडे मिळते म्हणून बरेच जण तीच आणतात. काळ्या भांड्यासाठी ती घेऊ नका. शाडूत लोह कमी असतं, त्यामुळे कितीही धूर दिला तरी रंग राखाडीच्या पुढे जात नाही.

चिकणमातीला आधार म्हणून खरखरीत काहीतरी मिसळावं लागतं. सगळ्यात उत्तम जुन्या खापऱ्यांची किंवा फुटक्या मंगलोरी कौलांची भुकटी. खलबत्त्यात कुटून रव्याच्या चाळणीने चाळा. ती एकदा भाजून झालेली असल्यामुळे पुन्हा आकसत नाही. गोदावरीची किंवा दारणेची काळसर वाळूही चालते, पण ती ताटात पसरून पांढरे चकचकीत दाणे वेचून टाका. आपल्या खडकाच्या पोकळ्यांत पांढरी खनिजं असतात. त्यातली काही तापल्यावर पाणी सोडतात आणि काहींचा चुना होतो, आणि दोन्हींमुळे भांड्याला खड्डे पडतात.

घोड्याची वाळलेली लीद कुंभार मुद्दाम वापरतात. तिच्यातले बारीक तंतू ओल्या भांड्याला धरून ठेवतात आणि भाजताना जळून गेल्यावर वाफेला वाट मिळते. हाताने चुरून चाळून घ्या. लीद मिळाली नाही तर तेवढीच चाळलेली गोवरीची राख घाला.

१० किलो मिश्रणाचं प्रमाण, सगळं कोरडं तोलून:

गाळाची माती ६ किलो
काळी माती दीड किलो
खापरीची भुकटी दीड किलो
चाळलेली वाळू अर्धा किलो
लीद अर्धा किलो

चुलीवर किंवा गॅसवर चढणारी हंडी हवी असेल तर काळी माती अर्धा किलोवर आणा आणि भुकटी अडीच किलो करा. भिंत थोडी खरबरीत होते, पण आच सोसते.

चुनखडीची परीक्षा, जी टाळू नये

काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. भांडं आव्यातून सुरेख निघतं, कपाटात ठेवता, आणि आठ-पंधरा दिवसांनी त्यावर नखाएवढ्या टिकल्या उडायला लागतात. हवेतला ओलावा पिऊन आतला चुना फुगतो आणि वरचा पापुद्रा फेकून देतो. उडालेल्या खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की कारण हेच.

मूठभर कोरड्या मातीवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे जोरात आले तर ती माती सोडा आणि दुसरीकडची आणा. थोडेसेच आले तर माती कालवून, पातळ करून मैद्याच्या चाळणीतून गाळली की काम होतं, कारण चुनखडीचे मोठे खडेच घात करतात. एवढं करूनही शंका असेल तर भाजलेलं भांडं कोमट असतानाच पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा. चुना पाणी पिऊन विरघळत जातो आणि टिकल्या उडायचं प्रमाण कमी होतं.

भिजवणं आणि मळणं

माती आधी उन्हात कडक वाळवा, ढेकळं फोडा, मग पाण्यात टाका. ओलसर ढेकूळ पाण्यात दिवसभर तसंच पडून राहतं, कोरडं मात्र काही मिनिटांत आपोआप विरतं. पाणी मातीच्या वर चार बोटं असू द्या. दोन दिवसांनी हाताने कालवून चाळणीतून गाळा, वर आलेला काडीकचरा काढा आणि एक दिवस निवळू द्या. वरचं पाणी ओतून देऊन उरलेला राबडा गोणपाटावर ओता. गोणपाटाखाली कोरड्या राखेचा थर दिला तर पाणी लवकर ओढलं जातं.

कणकेपेक्षा जरा घट्ट झाल्यावर भुकटी, वाळू, लीद घालून पायाने तुडवा. टाचेने मधून बाहेर, गोल फिरत. मग गोळा करून पुन्हा पसरा. असं चार वेळा. तारेने गोळा मधोमध कापून पाहा. कापल्या जागी हवेची भोकं किंवा दोन रंगांच्या रेघा दिसल्या तर अजून तुडवायचं आहे.

ही माती ओल्या गोणपाटात गुंडाळून निदान ८ दिवस मुरू द्या, १५ दिवस दिले तर फारच चांगलं. मुरलेली माती हाताला लोण्यासारखी लागते. तिची परीक्षा अशी: करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. बाहेरच्या बाजूला चिरा पडल्या तर काळी माती थोडी वाढवा. मग एक चपटी वडी थापून तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि पूर्ण वाळल्यावर मोजा. ९.२ ते ९.३ भरली तर मिश्रण बरोबर आहे. ९ च्या खाली गेली तर भुकटी वाढवा, नाहीतर हंडी तळाशी चिरणार.

घडवणं

१ लिटरच्या हंडीला सव्वा किलो ओली माती लागते. चाकावर गोळा मधोमध बसवणं हे शिकवून नव्हे, हाताला वळण पडूनच येतं. त्यासाठी कुंभारवाड्यात कुणाच्या तरी चाकाशेजारी बसण्याला पर्याय नाही. चाक नसेल तर वळ्यांवर वळ्या चढवून केलेली हंडीही तितकीच पक्की होते. फक्त प्रत्येक वळी खालच्या वळीत अंगठ्याने आतून-बाहेरून दाबून पुरती मिसळली पाहिजे, कारण नुसत्या चिकटवलेल्या वळ्या भाजताना बांगडीसारख्या सुटतात.

चाकावरून काढलेली हंडी जाड बुडाची आणि सपाट असते. तिला चार-पाच तास सावलीत सुकू द्या. मग आतून गोल दगडाचा गुंडा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हलके ठोके द्यायचे, गुंडा आणि थापटणं नेहमी समोरासमोर. थापटण्याला मधूनमधून राख लावा, म्हणजे ते चिकटत नाही. या ठोक्यांनी बूड गोल होतं, भिंत पातळ होते आणि मातीचे कण दाबले जाऊन घट्ट बसतात. आचेवर टिकणारी ताकद इथेच येते. चाकावरची हंडी न ठोकता तशीच भाजली तर पाणी झिरपतं आणि चुलीवर तळ फुटतो.

भिंत सगळीकडे ५ ते ६ मिलिमीटर असावी. तळ ८ मिलिमीटरपर्यंत चालेल, त्याहून जाड नको. जाड-पातळ भिंत वाळताना आणि भाजताना वेगवेगळ्या वेगाने आकसते. जोड जिथे असेल तिथे चीर जाते.

घोटणं

काळ्या भांड्याची चकाकी घोटण्यातून येते, आणि सगळ्या कामात मन लावून करायची गोष्ट हीच आहे.

आधी लेप तयार करा. १ किलो बारीक चाळलेली गाळाची माती, अडीच लिटर पाणी आणि ५ ग्रॅम धुण्याचा सोडा. खायचा सोडा वेगळा, तो इथे उपयोगाचा नाही. पाणी पावसाचं किंवा नळाचं घ्या. बोअरच्या जड पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून सगळेच खाली बसतात आणि लेप तयारच होत नाही. काचेच्या बरणीत घालून चांगलं हलवा आणि २० ते २४ तास बरणी अजिबात हलवू नका. तळाला जाड गाळ बसेल, वर दुधासारखं गढूळ पाणी राहील. ते वरचं अर्धं पाणी बारीक नळीने हळूच ओढून घ्या, तोच लेप. तळाचा गाळ पुन्हा मातीत टाका. लेप फार पातळ वाटला तर पसरट ताटात घालून उन्हात आटवा, निरसं दूध असावं इतपत. त्यात चमचाभर चाळलेली काव (लोहाची तांबडी माती) घातली तर लोह वाढतं आणि रंग आणखी खोल येतो.

हंडी आता कोणत्या अवस्थेत आहे हे बोटाने ओळखा. नख दाबलं तर खूण उमटते, पण माती बोटाला लागत नाही: हीच वेळ. मऊ ब्रशने लेपाचे तीन पातळ हात द्या. आधीच्या हाताची ओली चमक गेल्याशिवाय पुढचा हात देऊ नका. जाड एकच हात दिला तर तो वाळून पापडीसारखा सुटतो.

तिसऱ्या हाताची चमक गेली की घोटायला बसा. गोदावरीच्या पात्रात गुळगुळीत गारगोट्या मिळतात. लिंबाएवढी, एकही ओरखडा नसलेली एक निवडा. गारगोटी गालावर फिरवून पाहा, कुठे अडली तर ती भांड्यालाही ओरखडे पाडणार. स्टीलच्या चमच्याची पाठ वाकड्या जागांसाठी बरी पडते. मांडीवर जाड कापड, त्यावर हंडी, आतून डाव्या हाताचा आधार. गारगोटी एकाच दिशेने, लहान फटक्यांनी, आधीच्या रेघेवर अर्धी चढवत न्यायची. पहिल्या फेरीत पृष्ठभाग मंद चमकतो आणि रेघा दिसतात. थोडा वेळ थांबून दुसरी फेरी आडवी. तिसऱ्या फेरीआधी बोटाच्या टोकावर करडईच्या तेलाचे दोन थेंब घेऊन ते सगळ्या अंगावर पुसा आणि मग घोटा. तिसऱ्या फेरीनंतर खिडकीचा उजेड भांड्यावर चौकटीसकट दिसला पाहिजे. १ लिटरच्या हंडीला या सगळ्याला मिळून पाऊण ते एक तास लागतो.

ओली असताना घोटलं तर गारगोटी माती ओढते आणि खरवड पडते. फार वाळल्यावर घोटलं तर चमक येत नाही, पांढरट भुकटी सुटते. वाळून गेली असेल तर पाणी शिंपडू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा सुरू करा.

नक्षी घोटल्यानंतर कोरायची. सायकलच्या आरीचं टोक घासून केलेली कोरणी चांगली चालते. घोटलेल्या चकचकीत अंगावर कोरलेली रेघ मंद राहते आणि काळ्यावर काळी नक्षी उठून दिसते. निजामाबादला कोरलेल्या रेषांत जस्त आणि पाऱ्याची पूड भरून रुपेरी रंग आणतात. पारा विषारी आहे. घरी ते करू नका, आणि तशी नक्षी असलेलं भांडं खाण्यापिण्याला वापरू नका.

यानंतर वाळवण सावलीतच, ५ ते ७ दिवस, रोज एकदा उलटं करून. मार्चनंतरचा झोंबरा वारा लागला तर तोंड आधी वाळतं, बूड ओलं राहतं आणि काठाला उभी चीर जाते. अशा दिवसांत तोंडावर कापड झाका. वाळवताना भांड्यावर पांढरी बुरशीसारखी पावडर दिसली तर तो लोणा आहे, माती खारवट जागेची होती. लोणा आलेली जागा काळी होत नाही. पुढच्या वेळी माती दोनदा पाणी बदलून धुवा.

पहिली भाजणी

जुने जाणकार एकाच आव्यात भाजून तिथेच धूर कोंडतात. नवशिक्याने दोनदा भाजावं, हा आमचा ठाम सल्ला आहे. जे फुटायचं ते पहिल्या भाजणीत फुटतं आणि दुसरीत फक्त रंगाकडे लक्ष देता येतं.

पहिल्या भाजणीसाठी कुंभाराच्या चालू आव्यात दोन भांडी ठेवून घेणं सगळ्यात सोपं. पाऊस संपल्यावर आणि त्यातही दिवाळीनंतर आवे जोरात लागतात. जून ते सप्टेंबर हा विचारच करू नका. गोवऱ्या ओल्या, जमीन ओली, आणि भांड्याने हवेतला ओलावा पिऊन ठेवलेला. स्वतः आवा लावायचा असेल तर भांडी आदल्या दिवशी उन्हात आणि सकाळी गरम राखेजवळ ठेवून शेकून घ्या. भांडं गालाला लावून पाहा: गार लागलं तर आत अजून पाणी आहे. असं भांडं आव्यात गेलं की पहिल्या अर्ध्या तासात ‘फट्’ असा आवाज येतो आणि बुडाचा तुकडा उडतो. पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. म्हणून पहिला तासभर आच मंदच हवी.

जास्त भाजण्याचा मोह टाळा. घोटलेली चकाकी साधारण ८००-८५० अंशांच्या पुढे मरते, कारण वरचा बारीक थर आकसून त्याला अगदी बारीक तडे जातात. ७०० ते ८०० अंश पुरेत. थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजायचं साधन) नसेल तर डोळ्यांनी ओळखा, आणि त्यासाठी आवा दुपारी चारला पेटवा, म्हणजे पूर्ण आच अंधार पडताना येते. गोवऱ्यांच्या फटीतून आतलं भांडं विझत्या निखाऱ्यासारखं गडद लाल दिसलं तर अजून वेळ आहे. डाळिंबाच्या पिकल्या दाण्यासारखं लाल झालं की पुरे. नारिंगी झालं की चकाकी गेली. भर उन्हात हे रंग दिसत नाहीत आणि तिथेच अंदाज चुकतो.

धूर कोंडणं

यासाठी लागणारा डबा घरातच असतो: १५ किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा. वरचा पत्रा नीट कापून झाकण करा. डबा आधी उघड्यावर रिकामा जाळून घ्या, बाहेरचा रंग जाऊ दे. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा ड्रम वापरू नका, तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीला वाईट असतो.

भरायला भाताचा तूस, सव्वा ते दीड किलो. इगतपुरी-घोटीकडच्या भातगिरण्यांत तो पोत्याने मिळतो. त्यात चौथा हिस्सा साध्या लाकडाचा भुसा घाला. प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंक-रसायनं असतात. द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्याही बारीक तोडून चालतात, नाशिकमध्ये त्यांना तोटा नाही. पण त्या बाहेरच्या आचेसाठी ठेवा. बागेवर वर्षभर फवारण्या झालेल्या असतात, त्यांचा धूर खाण्याच्या भांड्याच्या अंगात मुरवू नये. काड्यांना गुंडाळलेली प्लास्टिकची सुतळी तर आधी काढलीच पाहिजे.

तूस हाताला कुरकुरीत लागेल इतका वाळलेला हवा. डब्याच्या तळाला तीन बोटं तूस. हंडी आतून तुसाने भरून मधोमध ठेवा. बाजूला वाट्या, पणत्या ठेवायच्या तर दोन भांड्यांमध्ये दोन बोटं जागा राहू द्या. भांडं भांड्याला किंवा पत्र्याला टेकलं की त्या जागी तांबडा किंवा राखाडी डाग राहतो. वरपर्यंत तूस भरून हलके दाबा. झाकणाला मधोमध खिळ्याने एकच भोक पाडा. झाकणाच्या कडा माती आणि शेणाच्या घट्ट काल्याने लिंपा, बोटभर जाड, आणि लिंपण सुकल्यावर पडलेल्या भेगा पुन्हा बुजवा.

मोकळ्या जागेत तीन दगडांवर डबा ठेवा. शेड, गॅलरी, बंद अंगण यातलं काहीही चालणार नाही: कोंडलेल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि माणूस दगावतो. भोवती वीतभर अंतर सोडून विटांचं सैल कडं रचा, विटांमध्ये फटी ठेवून. डब्याखाली, भोवती आणि वर ५० ते ६० मध्यम गोवऱ्या रचा. झाकणाचं भोक मात्र दिसलं पाहिजे. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवा.

आता भोकाकडे लक्ष. पहिल्यांदा पांढरी वाफ, मग पिवळसर दाट धूर येतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो धूर स्वतःच पेट घेतो आणि भोकावर छोटी ज्योत उभी राहते. नाही पेटला तर लांब काडीने पेटवा, धुराचा त्रास कमी होतो. ज्योत जळते आहे तोवर तूस वायू सोडतो आहे आणि आतला दाब बाहेरच्या दिशेने आहे, म्हणजे हवा आत शिरत नाही. या काळात भोक कधीच बंद करू नका, झाकण उडेल. दीड-दोन तासांनी ज्योत बुटकी होते, निळसर होते आणि विझते. विझली की पुढच्या मिनिटाला लांब सांडशीने ओल्या मातीची गोळी भोकावर दाबा. आता डबा थंड होताना हवा आत ओढणार असतो आणि तिला एकही वाट सापडता कामा नये. गोवऱ्या आणखी तासभर जळू द्या, मग सगळ्यावर राख ओढून ठेवा.

डबा दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायचा, तोही उघड्या तळव्याने धरता आला तरच. इथे उतावीळपणा करून फार जण रात्रभराचं काम घालवतात: भांडं ३०० अंशांच्या वर असताना हवा लागली की आत उरलेला कोळसा पुन्हा पेट घेतो आणि दहा मिनिटांत काळं अंग तपकिरी होतं.

काळ्या-तांबड्या भांड्यासाठी डबा लागत नाही. पहिल्या भाजणीतून निघालेली हंडी मोकळ्या आचेत पुन्हा डाळिंबी लाल करा, सांडशीने उचलून जमिनीवर पसरलेल्या चार बोटं तुसात पालथी दाबा आणि वरचं अंग उघडं राहू द्या. आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी हंडी मिळते. हातात चामड्याचे मोजे हवेत आणि जवळ मुलं नकोत.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

हाताला काजळी लागते, कापडाने पुसली की खाली तांबडं दिसतं: आच कमी पडली. लोहाचा रंग बदललाच नाही, नुसता धूर चढला. पुन्हा डब्यात भरून गोवऱ्या १५-२० वाढवा. काजळी लागते पण खालीही काळंच असेल तर ती फक्त वरची धूळ, फडक्याने पुसून थेंबभर तेलाने घासा.

एका बाजूला तपकिरी ढग आला असेल तर त्या बाजूचं लिंपण तडकलं होतं. झाकणाची तीच कड तपासा. सगळंच राखाडी झालं तर मातीत लोह कमी, लेपात काव वाढवा. काळं पण निस्तेज झालं तर आच जास्त गेली किंवा घोटणं ओल्यात झालं. रंग डब्यातून कितीही वेळा परत आणता येतो, चकाकी मात्र भाजल्यावर परत येत नाही.

चीर दिसत नसली तरी आवाज सांगतो. गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने ठोकून कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितल्याची कथा आपण ऐकत आलो आहोत. कुंभाराची परीक्षा आजही तीच. हंडी तळहातावर उभी धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज लांबत गेला तर पक्की. ‘बद’ आवाज आला तर कुठेतरी चीर आहे किंवा मडकं कच्चं आहे. बाजारात घेतानाही असंच वाजवून घ्या, आणि रंगवलेलं भांडं ओळखायला बुडाच्या कडेला नखाने किंवा नाण्याने खरवडून पाहा: रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली तांबडं दिसलं तर ते काळं भांडं नव्हे.

वापरायला काढताना

नवी हंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन मुठी तांदळाची पातळ पेज तिच्यात मंद आचेवर पाऊण तास शिजवा आणि तशीच गार होऊ द्या. पेजेतला स्टार्च छिद्रांत बसतो, झिरपणं थांबतं. ती पेज टाकून द्या, हंडी धुवा, आतून तेलाचं बोट फिरवा. गॅसवर नेहमी जाळी ठेवूनच वापरा आणि तापल्या हंडीत गार पाणी घालू नका. साबण नको, छिद्रांत राहतो आणि पुढच्या आमटीला वास येतो. राख किंवा शिकेकाई आणि काथ्या पुरेत. धुतल्यावर उन्हात उताणी वाळवा, ओली झाकून ठेवली की बुरशी येते.

रोजच्या वापरात हंडीचा तळ हळूहळू तांबूस पडतो, कारण ज्योतीजवळ हवा आणि आच दोन्ही असतात. चव किंवा ताकद यांत काही कमी होत नाही. तरीही काळी हवी असेल तर तेल-तुपाचा अंश धुऊन, उन्हात दोन दिवस कडक वाळवून पुढच्या डब्यात नव्या भांड्यांच्या मध्ये ठेवा.